चेन्नईत पाच दिवस चाललो, जेवायचं कुठं सांगा बाप्पा!

धरमपेठकर
मंडळी, पोरगी चेन्नईला नोकरीवर लागली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, बायको अन् आई तिला भेटायला जाऊन राहिलो. तमिळनाडू एक्स्प्रेसचं रिझर्वेशन झालं, राहायची सोय एग्मोरला. पाच दिवस.

अडचण खाण्याची. आई ७४ वर्षांची, माळकरी. ज्या कढईत अंडं फुटलं तिच्या शेजारी पाणीही पीत नाही. बायकोला मासे पाहिजेत, तेही समुद्राचे. इथं रोहू-कतला खाऊन ती कंटाळली. मला काहीही चालते, फक्त तोंडाला चव पाहिजे. पोरगी म्हणते, "बाबा, मॉलमधे जाऊ." अरे, मॉलमधे जेवायला हजारावर किलोमीटर कशाला जायचं? ते तं आपल्या नागपुरात बर्डीवर बी होते.

चौघांचं एका वेळचं हजार-बाराशेत बसावं. फार झगमगाट नको, अन् आईमुळे उभं राहून खायची गाडीही नको. स्वतः जाऊन खाल्लेलंच सांगा. यूट्यूब पाहून झालं.

बंड्या_प्रतापनगर
काका, एक ध्यानात ठेवा. आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो, पण तिथं "सांबार टाकून द्या" म्हणाल तर पोह्यावर कोथिंबीर नाही पडत, सगळी प्लेट वरणात बुडते. आमच्या मावसभावाचं झालं आहे असं 😂

धरमपेठकर
@बंड्या, हे आईला अजून सांगितलं नाही. तिच्या हिशेबानं सांबारवडीचं गाव आहे ते.

जुना_खवय्या
बँकेच्या नोकरीत मी चेन्नईला नऊ वर्षं काढली. तेव्हा मद्रासच म्हणायचे. तुम्ही ठिकाणं विचारलीत, पण मी आधी घड्याळ सांगतो. नाहीतर उत्तम ठिकाणी जाऊनही उपाशी याल.

माझा पहिला दिवस. दुपारी एक वाजता एका भरलेल्या हॉटेलात बसलो आणि ऐटीत मसाला डोसा मागितला. वाढप्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि पुढं निघून गेला. मला वाटलं, परप्रांतीय म्हणून टाळतो आहे. तेवढ्यात समोर पान पडलं, त्यावर पाणी शिंपडलं, अन् मी "डोसा, डोसा" म्हणेपर्यंत भात आला. शेजारच्या गृहस्थांनी समजावलं की इडली, डोसा, वडा, पोंगल हे सगळं 'टिफिन'. ते सकाळी अकरापर्यंत आणि मग दुपारी चारनंतर. मधल्या वेळात 'मील्स'. आता मोठ्या साखळी हॉटेलांत दिवसभर डोसा मिळतो, पण जुन्या जागांमधे हा नियम अजून आहे. सकाळी सातला जी इडली कापसासारखी असते तीच कुठं अकराला मिळाली, तर ती शिळी समजा.

मील्सचा क्रमही ठरलेला. आधी भातावर परुप्पु, म्हणजे आपलं गोडं वरण, अन् तूप. मग सांबार, मग एखादा आंबट कोळंबू, म्हणजे चिंचेची दाट आमटी, मग रसम, शेवटी दही किंवा ताक. प्रत्येक वेळी नवा भात. आपण नागपूरकर पहिल्याच फेरीत सांबारावर पोट भरतो आणि रसम येतो तेव्हा नाही म्हणतो. खरी मजा तर रसमात असते. म्हणून एक शब्द पाठ करून जा : पोदुम. म्हणजे पुरे. हात आडवा केला तरी वाढपी वाढतो, पोदुम म्हटलं की थांबतो.

'हॉटेल' म्हणजे तिथं खाण्याचं ठिकाण, मुक्कामाचं 'लॉज'. एसी हॉल आणि साधा हॉल यांचे दर वेगळे, स्वयंपाकघर तेच. डिसेंबरात साध्या हॉलमधे बसा. एकट्यादुकट्याला अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात, त्यात काही अपमान नाही.

आईसाहेबांसाठी पाटीवर 'सैवम' वाचा. तमिळमधे शैव म्हणजेच शाकाहारी. 'असैवम' दिसलं की पुढं चला.

धरमपेठकर
काका, माळकरी वैष्णव बाईला पाच दिवस शैव जेवण! हे तिला गाडीत बसल्यावरच सांगतो.

तंजावूरची_सून
माहेर इतवारी, सासर चेन्नई. सासरचे लोक तंजावूरचे मराठी, म्हणजे घरात मराठीच बोलतात, पण अशी मराठी की माझी आई पहिल्यांदा ऐकून गप्पच बसली होती. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं, तंजावूरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपलं म्हणून चिंच घातली, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. आख्यायिकाच आहे ती, पण सासऱ्यांसमोर असं म्हणायची माझी हिंमत नाही.

दादा, तुम्ही एग्मोरला आहात तर टॅक्सीच्या नादी लागू नका. सेंट्रलसमोर पार्क टाऊन स्टेशन आहे, तिथून एमआरटीएसची उंचावरून जाणारी लोकल धरा. चेपॉक, तिरुवल्लिकेणी, तिरुमयिलै. ही तीन स्टेशनं म्हणजे तुमचे तीन दिवस.

तिरुमयिलै म्हणजे मैलापूर. आईंना सकाळी सातच्या आत कपालीश्वराच्या देवळात न्या. दर्शन झालं की जवळच माड वीथी नावाच्या रस्त्यावर कर्पगांबाल मेस आहे. तिथला कीरै वडा, म्हणजे पालेभाजीचा वडा, आपल्या माठाच्या भाजीची आठवण देतो. संध्याकाळी गेलात तर अडै-अवियल घ्या. अडै म्हणजे चार डाळींचा जाडजूड डोसा, अवियल म्हणजे खोबऱ्यातली मिसळभाजी. आईंना तो आपल्या धिरड्याचा सख्खा भाऊ वाटेल. रायर कॅफे त्याच भागात, पण जागा इवलीशी आणि लोक बाहेर ताटकळतात. आईंचे गुडघे साथ देत असतील तरच जा. देवळाजवळ कालत्तीचं छोटंसं दुकान आहे, तिथं रोझ मिल्क मिळतं. आमची नणंद शपथेवर सांगते की याच्यासमोर बाकी सगळं रंगीत पाणी.

आणि एक, जे कुणी सांगणार नाही. तुम्ही जाताय तो मार्गळी महिना. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, गावभर सभांमधे, म्हणजे संगीत मंडळांमधे, कर्नाटक संगीताच्या मैफली. त्या सभांच्या आवारात हंगामापुरती कँटीन्स लागतात, नावाजलेले आचारी तिथं टिफिन आणि केळीच्या पानावरचं जेवण करतात. बऱ्याच ठिकाणी तिकिटाशिवाय जेवता येतं. आमच्याकडे असे लोक आहेत ज्यांना राग कळत नाहीत, पण कोणत्या सभेत कुठला हलवा आहे ते बरोबर ठाऊक असतं. (माझा नवरा.)

सावजी_भक्त
सगळे वरणभातावरच अटकले. काकांना चव पाहिजे म्हणाले नं?

भाऊ, चेट्टिनाड खा. कारैकुडीकडचं हे खाणं म्हणजे तिकडचं सावजीच समजा, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. मी खाल्लं, अन् सांगतो : नाही, सावजी नाही. पण नातं आहे. त्यांचं कल्पासी म्हणजे आपलं दगडफूल, तेच काळं पापुद्र्यासारखं. चक्रीफूल आहे, खसखस आहे, खोबरं आहे. 'मराठी मोक्कू' नावाचा एक मसाला आहे, सावरीच्या जातीच्या झाडाची कळी, मोठ्या लवंगेसारखी दिसते. नाव मराठी, अन् माह्या आजीनं जन्मात पाहिली नसेल.

फरक तिखटात आहे. सावजी जिभेवर लागते, कानातून निघते, तर्री अंगावर येते. चेट्टिनाडमधे मिऱ्याचं तिखट आहे, ते घास गिळल्यावर घशात उशिरा पेटते. पहिल्या दोन घासांत तुम्ही म्हणाल "काय बे, फिक्कं आहे", पाचव्या घासाला रुमाल काढाल. तेलाचा तवंग शोधू नका, नाही भेटणार.

रॉयपेट्टाचं पोन्नुसामी १९५४ पासूनचं. अंजप्परच्या शाखा बऱ्याच आहेत. पेप्पर चिकन घ्या, सुक्कं मटण घ्या (तिथं 'चुक्का' म्हणतात). बिर्याणी खायची तर दिंडिगलवाली तलप्पाकट्टीची, तिचं मूळ दुकान दिंडिगलला १९५७ चं. तांदूळ बासमती नाही, जिरगा सांबा. जिऱ्याएवढा बारीक दाणा. आपल्याकडे लांब दाणा म्हणजे पैसेवाल्याची बिर्याणी, तिथं उलटं.

अन् माउंट रोडवर बुहारी, १९५१ चं हॉटेल. चिकन सिक्स्टीफाइव्ह त्यांचं, १९६५ साली निघालं म्हणून ते नाव, असं ते सांगतात. पासष्ट मिरच्या, पासष्ट तुकडे, पासष्ट दिवसांची कोंबडी ह्या सगळ्या गप्पा रामदासपेठेच्या बारमधे लई ऐकल्या. मेनूतला पासष्टावा पदार्थ असंही लोक म्हणतात. जाऊ द्या, खाऊन पाहा.

भंडाऱ्याची_माया
वहिनींसाठी लिहिते. आम्ही तळ्याच्या गावचे, मासा कळतो, पण समुद्राच्या माशासमोर मी पण नवखीच होते. नावं लिहून न्या, कारण वाढपी घडाघडा म्हणतो आणि आपण बावळटासारखे पाहत राहतो.

वंजरम म्हणजे सुरमई. वव्वाल म्हणजे पापलेट. इरा म्हणजे कोळंबी. नेत्तिली हे छोटे छोटे मासे, काट्यासकट कुरकुरीत तळतात, वाटीभर सहज संपतात. विराल दिसलं तर घेऊ नका, तो आपला मरळच. मी हौसेनं मागवला आणि ताटात भंडारा पाहून बसले.

चेपॉक स्टेशनवरून चालत जाण्यासारखं नायर मेस, क्रिकेटच्या मैदानाच्या मागच्या गल्लीत, १९६१ पासूनचं. केरळी पद्धतीचं जेवण. पानावर भात, भाज्या, सोबत माशाचं कालवण, आणि तळलेला मासा वेगळा सांगायचा. दुपारी साडेबाराच्या आत पोचा. नंतर लोक तुमच्या खुर्चीमागे उभे राहतात आणि तुमच्या रसमाकडे पाहतात. एसीबिसी काही नाही, सजावट शून्य.

मॅचच्या दिवशी त्या बाजूला जाऊ नका एवढंच.

वर्धेचा_पोट्टा
सगळे कौतुकच करून राहिले. मी दोन वर्षं होतो तिथं. तिसऱ्या दिवशी पोळी आठवते बावा. सगळं आंबट, सगळ्यात चिंच, सगळ्यात कढीपत्ता. चार दिवसांनी मला गव्हाचा वास आला तरी रडू यायचं.

तंजावूरची_सून
@वर्धेचा_पोट्टा, साहुकारपेटला जायचं होतं. मिंट स्ट्रीटवर मारवाडी-गुजराती वस्ती, फुलके-भाजी सगळं मिळतं. तिथं मुरुक्कू सँडविच करतात, पावाऐवजी दोन चकल्या. आणि संध्याकाळनंतर सीना भाईकडे तुपात न्हालेली पोडी इडली (पोडी म्हणजे डाळ-मिरचीची कोरडी चटणी). तव्यावरचं तूप पाहून माझ्या सासूनं डोळे मिटले होते आणि तोंड उघडलं होतं.

जुना_खवय्या
पोळीला पर्याय परोट्टा, पण तो मैद्याचा आणि रात्रीचा. कोत्तु परोट्टा कुठं होतो आहे ते पत्ता न विचारता कळतं. दोन लोखंडी पत्र्यांनी तव्यावर परोट्ट्याचे तुकडे करतात, त्या ठणठणाटाला एक ठेका असतो. मी लॉजच्या खोलीत झोपल्या झोपल्या सांगायचो की आता अंडं पडलं.

सरवणा भवन, संगीता, मुरुगन इडली यांना लोक साखळी म्हणून नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. सोबत वयस्कर माणूस असेल तर स्वच्छ बाथरूम, लिफ्ट आणि कुठल्याही वेळी गरम इडली, ह्याला किंमत आहे. टी. नगरला साड्यांच्या खरेदीत बायको चार तास काढेल, तेव्हा मुरुगनची इडली आणि तीळतेलात कालवलेली पोडी तुमचा जीव वाचवेल.

एक दुःख मात्र आहे. आमचं वुडलँड्स ड्राइव्ह-इन २००८ साली बंद झालं. झाडाखाली गाडी लावायची, खिडकीला ट्रे अडकवून वाढप्या डोसा आणायचा. माझ्याकडे गाडी नव्हती, मी लूनावर जायचो. तरी वाढप्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. तिथं आता सेम्मोळी पूंगा ही बाग आहे. तिकडून गेलात तर माझ्या वतीनं नुसतं पाहून या.

बंड्या_प्रतापनगर
कोणीच रत्ना कॅफे नाही सांगितलं?? तिरुवल्लिकेणीत उतरा, पार्थसारथीचं देऊळ करा (आजी वैष्णव आहेत नं, हे घ्या विष्णूचं), अन् रत्ना कॅफेत सांबार-इडली. १९४८ चं दुकान. जास्त बोलत नाही. जा.

धरमपेठकर
सगळ्यांचे आभार. छापून घेतलं, आईच्या पिशवीत ठेवलं. आल्यावर लिहितो.

धरमपेठकर
परत आलो. उशीर झाला, थंडीनं नागपूर गारठून राहिलं अन् तिथं आम्ही पंखा लावून झोपत होतो, सगळ्यांनाच सर्दी झाली.

आधी रत्ना कॅफे. @बंड्या, तुला संत्राबर्फी लागू. दोन इडल्या ताटलीत आल्या. मागून वाढपी स्टीलचा जग घेऊन आला अन् विचारपूस न करता ओतत गेला. इडल्या बेटासारख्या राहिल्या. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की हे कोण सांडून गेलं! मग तिनं चमचा बाजूला ठेवला, हातानं इडली मोडली, ती पूर्ण भिजेस्तोवर थांबली अन् खाल्ली. बोलली नाही. जगवाला परत आला. आईनं ताटली पुढं केली. तिसऱ्यांदा आला. तिनं ताटली पुन्हा पुढं केली. 'पोदुम' तिला पाठ होतं, तिनं ते वापरलंच नाही.

मैलापूरला कीरै वडा भेटला. रायर कॅफेसमोर वीस मिनिटं उभे राहिलो, मग आईचे गुडघे पाहून निघालो. सभेचं कँटीन मात्र जमलं. मंडपात लांब टेबलं, कांजीवरम नेसलेल्या बायका, अन् मागून लाउडस्पीकरवर व्हायोलिन. आई म्हणे, "आपल्याकडे सप्त्याच्या पंगतीत एवढी शांतता नसते." शेजारच्या आजीबाईंना मराठी येत नव्हती, आईला तमिळ येत नव्हती. दोघी अर्धा तास बोलल्या. विषय गुडघेच असावा.

नायर मेसला आई आली नाही, पोरीसोबत देवळात बसली. आम्ही दोघं सव्वाबाराला पोचलो. बायकोनं वंजरमचे दोन तुकडे अन् नेत्तिली घेतली. @माया ताई, ती म्हणते तुमच्या पाया पडायचं आहे. माझा चेट्टिनाडचा अंदाज @सावजी_भक्त भाऊनं सांगितला तसाच चुकला. "फिक्कं आहे" असं मी खरंच म्हणालो. पोरीनं व्हिडिओ काढून ठेवला, पुढचा भाग तिनं ग्रुपवर टाकला.

एक ठेच लागली तीही सांगतो. समुद्राजवळच्या एका ठिकाणी, नाव नाही घेत, बर्फावरचा मासा बोट दाखवून पसंत केला, भाव विचारला नाही. बिल आलं एकोणीसशे रुपये, एका माशाचं! मेनूत बारीक अक्षरात "साइजप्रमाणे" लिहिलेलं होतं. चूक माझीच. बाकी पाच दिवस चौघांचं जेवण आठशेच्या वर क्वचित गेलं, त्या एका माशानं हिशेब बुडवला. त्या रात्री मरिनावर वीस रुपयांचं सुंडल खाल्लं, वाटाणा, कैरी अन् खोबरं, प्रायश्चित्त म्हणून.

सेम्मोळी पूंगाही पाहिली, काका. बाहेरूनच. फोटो पाठवतो.

आता एक प्रश्न. आईनं हट्टानं पितळी फिल्टर, दोन डबरा-टंबलर (कॉफीचे वाटी-पेले) अन् चिकोरी घातलेली अर्धा किलो कॉफी दळून आणली. दोन दिवस झाले, डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, खाली उतरतच नाही. वर पाणी तसंच उभं. फिल्टर खराब दिला का?

तंजावूरची_सून
फिल्टर ठीक आहे. पावडर दाबून भरली असणार. दोन मोठे चमचे भुरभुरून टाका, वरची छत्री नुसती अलगद ठेवा, दाबू नका. पाणी उकळीचं, कडेनं गोल ओता. झाकण लावा आणि विसरून जा. रात्री भरून ठेवलं तर सकाळी तयार.

जुना_खवय्या
आणि तरी नाही उतरलं तर वरच्या भांड्याच्या बुडाची भोकं मेणबत्तीवर धरा. पितळी आहे ना? जुनी भोकं कॉफीच्या तेलानं बुजतात, नवीन फिल्टरची कधीकधी पॉलिशनं. धरताना सांडशी घ्या.

धरमपेठकर
दाबलीच होती. आईनं, वाटीच्या बुडानं, करंजीच्या सारणासारखी. आता रिकामी करून नव्यानं भरली. पडून राहिली, थेंब थेंब. आई समोर पाट टाकून बसली आहे, झाकण उघडू देत नाही.